सहा शनिवार आणि उजवा कान

कारापूर, तिस्क
सोमवार, ८ फेब्रुवारी १९८८

प्रिय सगुण यास,

कृष्णनाथाचा नमस्कार. तो घेतलाच पाहिजेस अशी सक्ती नाही. पाकिटाबरोबर टेबलावर पडू दे, सवडीने घे. चौदा महिन्यांनी माझे अक्षर बघून तुझा रक्तदाब चढला असेल तर आधी गोळी घे आणि मग पुढे वाच. शेवंतीवहिनींचे गुडघे कसे आहेत? बंदरातली नोकरी संपल्यावर तुझा दिवस जातो कसा? रेबेक अजून वाजवतोस, की त्यालाही तुझ्याबरोबर निवृत्त केलेस? (व्हायोलिनला मी तुमच्या कोकणीप्रमाणे रेबेक म्हटले याची नोंद घे. हा माझ्याकडून झालेला पहिला समझोता.) वैशाली सासरी रुळली का? तिला माझा आशीर्वाद पोचला की नाही याची मला अजून शंका आहे, कारण तिच्या लग्नात मी तो देत असतानाच तू माइकची वायर उपटलीस. चाळीस मिनिटे झाली होती हे कबूल. पण मराठीवर बोलताना मी जन्मात घड्याळ बघितलेले नाही, आणि लग्नमंडपात भाषेचा वाद काढू नये हे मला आधी कुणी सांगितले नव्हते. तू वऱ्हाडासमोर मला चालता हो म्हणालास, मी चालता झालो, जेवलोसुद्धा नाही, आणि वास्को ते डिचोली बसमध्ये पोटात कावळे कोकलत होते. पुढे कोकणीच्या बाजूने भाषेचा कायदा झाला, गोव्याचे वेगळे राज्य झाले, माझ्या जुन्या शाळेत यंदा पहिलीला सातच मुले आली, आणि आपल्या दोघांपैकी जिंकले कोण ते मला अजून समजलेले नाही. तुला समजले असेल तर कळव. येथील सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. तसे ते नाही.

सगुणा, माझे कान गेले. म्हणजे डावा गेला आणि उजवा जायला निघाला आहे. एकदम गेले असते तर घरात निदान धावपळ झाली असती, चार माणसे भेटायला आली असती, कुणीतरी शहाळे आणले असते. हे लबाडीने गेले. आधी रातकिडे गेले; मला वाटले, खाणीच्या धुळीने मेले असतील. मग पाववाल्या पोदेराच्या सायकलची घंटा गेली. मला वाटले, तो मुद्दाम आमच्या दारात वाजवत नाही, म्हणून मी त्याच्याशी आठ दिवस बोललो नाही आणि आठ दिवस पावावाचून चहा प्यालो. मग कुकरची शिटी गेली, भात करपला, बोलणी मी खाल्ली. मग चंद्रभागेच्या बांगड्या गेल्या. (चंद्रभागा आहे. ती हल्ली माझ्या डाव्या बाजूला बसते. चाळीस वर्षे माझ्याबद्दल जे जे म्हणायचे तिने गिळले, ते आता ती त्या कानाशी शांतपणे म्हणत असते. मला नुसते ओठ हललेले दिसतात. अलीकडे तिच्या चेहऱ्यावर चांगलीच टवटवी आली आहे.) शेवटी भजनातले टाळ गेले. टाळकरी समोर बसून माशा मारल्यासारखे हात हलवत आणि मला वाटे, वा, देवळात शिस्त आली, हळू वाजवायला शिकले. वरचे सूर आधी जातात आणि खालचे मागे राहतात, हे डॉक्टरने मला नंतर सांगितले. माझ्या बाबतीत ते आधी सबंध गावाला समजले होते.

ते कसे, तर ऐक. (ऐक म्हणजे वाच. हा शब्द मला आता जरा जपूनच वापरावा लागतो.) कार्तिकी एकादशीला संध्याकाळी देवळात आपले नेहमीचे भजन होते. गायला बाबली, पेटीवर मी, एकतीस वर्षे बसतो तसा. बाबली म्हणजे लामगावचा, माझाच विद्यार्थी, तिसरीत दोनदा बसलेला, पण गळा थेट देवाकडून आणलेला. रस्त्यावरून दिवसभर खनिजाचे ट्रक जातात, त्यांची तांबडी धूळ आमच्या जेवणात जाते, धोतरात जाते, देवाच्या डोळ्यांत जाते, तशी माझ्या पेटीतही गेली. आतल्या एका झडपेत खडा अडकला आणि वरच्या सप्तकातला एक सूर पट्टी न दाबताच वाजायला लागला. भाता हलला की सूर सुरू, शिट्टीसारखा, एकसारखा. आणि सूर कोणता, तर तीव्र मध्यम! देवळातल्या शंभर माणसांना तो ऐकू येत होता. एकट्या पेटीवाल्याला येत नव्हता.

आता भल्या माणसांनी काय करावे? मास्तर, पेटी थांबवा, एवढे म्हणावे. ते कुणी म्हटले नाही. बाबलीने एकदा माझ्याकडे बघितले, मी मान हलवून चालू दे अशी खूण केली, आणि त्या बिचाऱ्याने तो सूर ज्या रागात खपून जातो तो राग धरला. यमन. पहिला अभंग यमनात झाला. दुसरा आपण वर्षानुवर्षे भूपात म्हणतो, तोही यमनात झाला. भीमपलासातली गौळण यमनात झाली. गजर यमनात झाला. विठ्ठल कमरेवर हात ठेवून दीड तास सलग यमन ऐकत उभा होता. मला वाटले, आज बाबलीची समाधी लागली आहे, यमन त्याला सोडवत नाही; मीही खुशीत येऊन दोन्ही हातांनी वाजवत होतो. फक्त शेवटी भैरवी आली नाही. भैरवीत शुद्ध मध्यम, त्या शिट्टीपुढे ती बिचारी उभी राहणार कशी? भैरवीवाचून भजन संपले आणि आरती सुरू झाली. माझ्या आयुष्यात असे पहिल्यांदा घडले. बाबलीला विचारले तर घसा बसला म्हणाला आणि प्रसाद न घेता गेला.

घरी येताना चंद्रभागा मुद्दाम उजव्या बाजूला आली आणि मोठ्याने म्हणाली, “पेटी बोब मारताली आनी तुमी देवाकडे पळोवन हांसताले.” पेटी बोंबलते आहे आणि मी देवाकडे बघून हसतो आहे म्हणे! मी रागाने पेटी उघडली. खडा सापडला, डाळीच्या दाण्याएवढा. दुसऱ्या दिवशी बाबलीला बोलावून जाब विचारला, की इतका वेळ गप्प का बसलास? तो पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, “तुमकां कोण सांगतलो, मास्तर?” सगुणा, त्या शिट्टीपेक्षा हे वाक्य मला जास्त लागले. शंभर माणसांनी दीड तास माझा मान राखला. असा मान राखून घेण्यापेक्षा कुणी पायातली वहाण फेकली असती तरी बरे झाले असते. या गावात आता मला तोंडावर चुकलास म्हणणारा माणूस उरलेला नाही. एक होता, तो वास्कोला असतो आणि माझ्याशी बोलत नाही.

मग म्हापशाचा डॉक्टर झाला. त्याने मला एका कोंदट खोलीत बसवले, कानांवर यंत्र चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाला. मी बराच वेळ बटण दाबले नाही, तेव्हा त्याला वाटले, म्हाताऱ्याला सूचना समजली नाही, म्हणून त्याने ती पुन्हा सांगितली. सूचना समजली होती. मग त्याने एक आलेख दाखवला. तो चोर्ल्याच्या घाटासारखा भराभर खाली उतरत होता. खर्ज शाबूत आहे, मधले सप्तक चालले आहे, वरचे गेले. किती दिवस, विचारले. म्हणाला, सांगता येत नाही. सहा महिने धरा, फार तर वर्ष. यंत्र लावा, माणसांचे बोलणे समजेल. म्हटले, माणसांचे बोलणे मी साठ वर्षे ऐकले, त्याची मला एवढी हाव नाही. गाणे समजेल का? तो प्रामाणिक माणूस. म्हणाला, गाणे तेलाच्या डब्यातून आल्यासारखे येईल. आणि दर शनिवारी औषधाला या म्हणाला. (औषधाचा उपयोग नाही हेही त्यानेच सांगितले. पण मला रिकाम्या हाताने पाठवणे त्याच्या जिवावर आले असावे.)

शनिवारचे औषध तीनला आटपते आणि डिचोलीची बस पाचला. मधले दोन तास मी काय करावे? दवाखान्याशेजारी पाद्र्यांच्या इगर्जीचा एक लहान हॉल आहे, त्याच्या दारावर कागद चिकटवलेला दिसला: पाश्चात्त्य संगीत ऐकावे कसे, रोमँटिक काळ, सहा शनिवार, सर्वांना प्रवेश. आत पंखा होता, खुर्च्या होत्या. शिवाय मी असा हिशेब केला, की आपल्या गाण्यात एक गळा आणि एक तंबोरा, म्हणजे माझ्या दृष्टीने एक माणूस तोंड उघडून बसलेला. तिकडे म्हणे ऐंशी ऐंशी माणसे एकदम वाजवतात. ऐंशी माणसे जीव तोडून वाजवणार, त्यातले काही ना काही माझ्यापर्यंत पोचेलच! म्हणून आत जाऊन बसलो. घरी सांगितले तर सूनबाई सुविधा पदराआड हसली आणि चंद्रभागेने एकसष्टाव्या वर्षी रोमँटिक कशाला हवे ते विचारले. (डाव्या बाजूने आणखीही काही विचारले असावे.)

शिकवणारी दोना एर्मेलिंद. वय बहात्तर, पाठ ताठ, पायांत मोजे, जन्मभर दुसऱ्यांच्या पोरांना पियानो शिकवून बोटे वाकडी झालेली. ऐकायला आम्ही अकरा जण, त्यात धोतरवाला मी एकटा. एर्मेलिंद बायने पहिल्याच दिवशी खुलासा केला, की रोमँटिक म्हणजे प्रेमाबिमाचे नव्हे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी युरोपात काही माणसे होऊन गेली, त्यांनी आपापले दुःख वाद्यांत आणले. कुणाला क्षय झाला, कुणाला वेड लागले, कुणी नदीत उडी टाकली. चंद्रभागेला हे सांगितल्यावर तिचा संशय फिटला. दुःखच ऐकायचे असेल तर बसचे तिकीट कशाला काढायचे, एवढेच ती म्हणाली.

पहिला शनिवार चालीचा होता. चाल ओळखा, मनात धरून ठेवा, ती पुन्हा येईल, वेगळी होऊन येईल, तेव्हा तिला चुकू नका. हे मला जमले. आपल्याकडे मुखडा येतो तसेच. फक्त आपला मुखडा सज्जन, ठरल्या मात्रेला दारात हजर. यांची चाल एकदा गेली की दहा दहा मिनिटे बेपत्ता, आणि परत येते ती कुठेतरी रडून आलेली. दुसऱ्या शनिवारी एका वेळी चार सूर. मला वाटले, कुणीतरी चुकले, आणि मी सवयीने चक् केले. बायने बजावले, चूक नाही, मुद्दाम आहे. सूर एकमेकांना खेटतात, भांडतात, मग मोकळे होतात. ते मोकळे होईपर्यंत माझा जीव टांगणीला. त्याच दिवशी तिने आणखी एक गोष्ट पियानोवर दाखवली, ती तुला ठाऊक असणार आणि तू मला कधी सांगितली नाहीस. यांचा सा हलतो! आपला सा एकदा लावला की देऊळ पडेपर्यंत जागचा हलत नाही. यांचा सा वाजता वाजता उठतो आणि वळकटी घेऊन दुसऱ्याच्या घरी राहायला जातो, आणि बाकीचे सगळे सूर निमूट त्याच्या मागोमाग. मी खरेच घाबरलो, खुर्चीचा हात धरून बसलो. बसमध्ये मात्र ते मला पटत गेले. माझेही तेच झाले आहे. सकाळी उठतो, घर तेच, चंद्रभागा तीच, चहाची कपबशी तीच, आणि सगळे भलत्याच सा वर लावून ठेवलेले. मी एकटाच जुना सा धरून बसलो आहे. फार एकटे वाटते रे.

तिसरा शनिवार लयीचा, आणि इथून माझी अब्रू जायला सुरुवात झाली. बायने एका पियानोवाल्याची तबकडी लावली. मी मांडीवर ताल धरला, सम शोधू लागलो. चार आवर्तने बरी गेली, मग तो माणूस रेंगाळला. मग धावला. मग पुन्हा रेंगाळला. डिचोलीत असे झाले की आपण काय समजतो? लाइट कमी झाली. आमच्याकडे संध्याकाळी रेडिओग्रामवर चांगली तरुण बाई गात असते ती दाब उतरला की पुरुष होते, हे तू बघितलेले आहेस. मी उठलो, मोठ्याने म्हणालो, बाय, लाइट कमी आहे, तबकडी खराब होईल, बंद करा. आणि फ्यूज बघायला भिंतीपर्यंत गेलोसुद्धा. सगळे माझ्याकडे बघत होते. वर पंखा गरगर फिरत होता. बाय म्हणाली, “मास्तर, लायट आसा. तो मनीसच तसो वाजयता.” मग तिने समजावले, की याला चोरलेली वेळ म्हणतात, एका सुराची वेळ चोरून दुसऱ्याला द्यायची आणि पुढे परत करायची. मी विचारले, परत करतातच का? ती म्हणाली, “केन्ना केन्ना परत दिनात.” कधी कधी परत देत नाहीत.

चौथ्या शनिवारचे लिहायला हात धजत नाही, पण तू हसशील म्हणून लिहितो. विषय होता लहान आवाज आणि मोठा आवाज. बायने ऐंशी माणसांची तबकडी लावली. सुरुवातीला माझ्यापर्यंत बरेच काही आले, खालून ढोलासारखे घुमणारे, आणि मी तृप्त झालो. मग ते कमी कमी होत गेले आणि थांबले. सगळे स्तब्ध. मी वाट बघितली. कुणी बोलेना, बाय डोळे मिटून बसलेली. आता तू मला ओळखतोस. चौतीस वर्षे मराठी शाळेत काढलेल्या माणसासमोर कार्यक्रम संपला आणि कुणीच उठत नाही, असे झाले तर तो काय करील? मी उठलो, उपरणे सारखे केले आणि आभारप्रदर्शन सुरू केले. अध्यक्ष महोदया, उपस्थित बंधुभगिनींनो, आज आपल्याला जो अमृतानुभव… मी पाहुण्यांचे आभार मानले, हॉलवाल्यांचे मानले, पंख्याचेही मानले असतील. ज्यांनी प्रत्यक्ष अप्रत्यक्ष मदत केली इथवर पोचलो आणि माझ्या पाठीमागे ऐंशीच्या ऐंशी माणसे एकदम कोसळली. तेवढे मात्र मला ऐकू आले. मी मटकन खाली बसलो. तबकडी संपलेलीच नव्हती. इतका वेळ ते हळू वाजवत होते, आणि त्या सबंध हॉलमध्ये सर्वांत नाजूक जागेवर मी खणखणीत आवाजात आभार मानत होतो.

कुणी हसले नाही. तेच वाईट. दहाही जणांनी आपापल्या बुटांकडे बघून माझा मान राखला, आणि मला पुन्हा देवळातला यमन आठवला. बायने सुई उचलली. माझ्याकडे नीट बघितले. मग माझ्या डाव्या बाजूने काहीतरी म्हणाली, उजव्या बाजूने म्हणाली, आणि तिला जे समजायचे ते समजले. तिने मला हाताला धरून उठवले, तबकडीच्या यंत्राच्या लाकडी खोक्याजवळ नेऊन बसवले, माझा पंजा खोक्यावर पालथा ठेवला, “हात हांगा दवरात,” म्हणाली आणि तबकडी पुन्हा पहिल्यापासून लावली. (त्या थोर लोकांतला एक जण ठार बहिरा झाला होता, हेही तिने मला धीर यावा म्हणून सांगितले. तो बहिरा होऊन अजरामर झाला. मी कारापूरचा पेटीवाला, मी होऊन होऊन काय होणार?) पण सगुणा, हाताला ऐकू येते. तळव्यात येते, मनगटापर्यंत चढते. पाचव्या शनिवारी वाद्यांचे रंग ओळखायचे होते, ते मी हाताने ओळखत होतो. तुझ्या रेबेकाचा तो थोरला भाऊ, मांड्यांत धरून वाजवतात तो, मला लगेच कळला. एकदा मी शिंग म्हणालो आणि बाय सर्वांदेखत म्हणाली, “चूक, मास्तर.” मला इतके बरे वाटले की मी तिला नमस्कार केला.

परवाचा शनिवार शेवटचा. व्हायोलिन आणि पियानो, दोघेच. बाय म्हणाली, आजवर शिकवले ते सगळे यात आहे. मी हात ठेवून बसलो. पियानो आला, खालचा हात छान स्पष्ट. तो चार पावले चालायचा, थांबायचा, पुन्हा चालायचा. दुसऱ्या माणसासाठी वाट सोडून चालल्यासारखा. मी वाट बघत राहिलो. पलीकडच्या बाईने रुमाल डोळ्यांना लावला. आणखी एकाने नाक पुसले. मला वाटले, प्रस्तावनाच एवढी करुण, तर पुढे काय होईल! शेवटी राहवेना, हळूच विचारले, “बाय, व्हायोलिन केन्ना येतलें?” ती खुर्चीवरून उठून आली. मग माझ्या उजव्या कानाशी वाकून म्हणाली, “आयलां, मास्तर. केन्नाच आयलां.”

तबकडीभर ते वाजत होते आणि मला त्याचा मागमूस नव्हता. एका जागी मात्र, शेवटाकडे, ते खाली उतरले. सगळ्यांत जाड तारेवर आले असावे. तेव्हा माझ्या तळव्याखाली काहीतरी दाटून आले, पाव मिनिटभर, आणि पुन्हा वर निघून गेले. बायने तेवढाच तुकडा तीनदा लावला. मग वर्ग संपला. तिने मलाच आभार मानायला सांगितले. मी उभा राहिलो, उपरणे सारखे केले, आणि देव बरें करूं म्हणून खाली बसलो. माझ्या हयातीतले ते सर्वांत आखूड भाषण, आणि तेही तुझ्या भाषेत.

असो. पत्र लांबले. इथे तुला उपटायला वायर नाही, म्हणून मीच थांबतो. शेवंतीवहिनींना नमस्कार सांग, वैशालीला आशीर्वाद सांग, या वेळी एका वाक्यात. चंद्रभागा तुम्हा दोघांची आठवण काढते. निदान ओठांवरून तसे दिसते.

तुझा, हवा असल्यास,
कृष्णनाथ

ता. क. उत्तर लिहूनच पाठव. शेजाऱ्यांकडे फोन करू नकोस, मी नुसताच हो हो म्हणत राहीन आणि नको ते कबूल करून बसेन. कोकणीत लिहिलेस तरी चालेल. वाचायला कान लागत नाहीत.

आणखी एक. पेटी मी सोडली. गेल्या गुरुवारी बाबलीला बोलावून किल्ली दिली. तो रडला, आणि रडताना त्याला थोडे हलके वाटले हे मी बघितले. त्या संध्याकाळी मी समोर श्रोत्यांत बसलो. पाच वेगवेगळे राग झाले म्हणतात आणि शेवटी भैरवीही झाली. मी ती त्याच्या ओठांवरून ओळखली.

शेवटचे. वर लिहिलेले पंख्याचे, बसचे आणि ऐंशी माणसांचे कारण खोटे आहे. दारावरच्या त्या कागदावर सर्वांत खाली व्हायोलिन असे लिहिलेले होते, म्हणून मी आत गेलो. तू आलास तर ते ऐकायचे कसे, हे मला आधी शिकून घ्यायचे होते. शिगम्याच्या आधी एकदा रेबेक घेऊन ये. जाड तारेवर वाजव. बाकीच्या तीन तारा आता माझ्यापर्यंत येत नाहीत. आणि त्रेसष्ट साली, वास्कोच्या मेस्ताकडे रेबेक शिकून तू ती परकी चीज देवळाच्या अग्रशाळेत पहिल्यांदा वाजवलीस, तेव्हा मी मधूनच उठून गेलो होतो. मला ते आवडले नाही असे सगळ्यांना वाटले, तुलाही वाटले, आणि मी तसे वाटू दिले. मी बाहेर पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐकत होतो. मत्सराने आत बसवेना. चांगले वाजवले होतेस, सगुणा. फार चांगले वाजवले होतेस.